मोजपट्टी, हजेरीपट आणि धरण

पुण्याहून सिंहगडाकडे जाताना खडकवासल्याचे धरण लागते. सहलीला गेलेल्या मुलांना शिक्षक सांगतात, "हे धरण कर्नल फाइफ यांनी बांधले." जलाशयालाही पूर्वी 'लेक फाइफ' असेच नाव होते. पण जरा विचार करा. दीड किलोमीटरच्या आसपास लांब आणि तीस मीटरांहून अधिक उंच अशी दगडी भिंत एक माणूस कशी बांधणार? दगड कोणी फोडला? चुना कोणी मळला? किती माती खणली, हे कोणी मोजले? पैसे कोणी मंजूर केले आणि कोणाच्या हाती किती पडले?

या प्रश्नांची उत्तरे शोधायची तर ब्रिटिश अमदानीतील एका मोठ्या यंत्राची ओळख करून घ्यावी लागते. त्याचे नाव सार्वजनिक बांधकाम खाते, म्हणजेच सर्वांच्या तोंडी बसलेले 'पी. डब्ल्यू. डी.'

खाते कसे जन्मले?

कंपनी सरकारच्या काळात रस्ते, पूल आणि इमारती यांचा कारभार लष्करी मंडळाकडे असे. या मंडळाचे मुख्य लक्ष बराकी आणि किल्ले यांकडे. कालवे आणि रस्ते मागे पडत. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी १८५४-५५ च्या सुमारास ही व्यवस्था मोडून वेगळे बांधकाम खाते उभारले. त्याच १८५४ साली उत्तरेत गंगेचा मोठा कालवा सुरू झाला. रेल्वेचे रूळ पसरू लागले होते. सरकारला सैन्य हलवायला रस्ते हवे होते, कापूस बंदरावर आणायला पूल हवे होते आणि शेतसारा वाढायला कालवे हवे होते. रयतेचा फायदा झाला, पण हेतूंच्या यादीत तो नेहमीच पहिला नव्हता, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

खाते उभे राहिले, पण माणसे कुठून आणायची? वरच्या जागांवर प्रथम लष्करातील इंजिनिअर आले. फाइफही त्यांपैकीच. त्यांची संख्या पुरेना, म्हणून १८७१ साली इंग्लंडात कूपर्स हिल येथे खास हिंदुस्थानच्या नोकरीसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढण्यात आले. ते १९०६ पर्यंत चालले. त्याचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडे, पण तेथे शिकणारे जवळजवळ सगळे इंग्रज तरुण असत.

इकडे हिंदुस्थानात रुरकी येथे १८४७ साली इंजिनिअरिंगचे कॉलेज सुरू झाले होते. पुण्यात १८५४ साली एक लहानसा इंजिनिअरिंग वर्ग निघाला. इमारती, धरणे, कालवे आणि पूल यांच्या कामांवर दुय्यम अधिकारी तयार करणे हा त्याचा उद्देश. 'दुय्यम' हा शब्द ध्यानात ठेवा. त्या वर्गाचेच पुढे पुण्याचे प्रसिद्ध अभियांत्रिकी महाविद्यालय झाले.

शिडीच्या पायऱ्या

खात्याची रचना शिडीसारखी होती. सर्वांत वर मुख्य अभियंता. त्याच्या हाताखाली एकेका मंडळाचा अधीक्षक अभियंता. मंडळाचे विभाग पाडलेले, प्रत्येक विभागावर कार्यकारी अभियंता. विभागाचे उपविभाग, त्यांवर साहाय्यक अभियंता. त्याखाली ओव्हरसीअर आणि सब-ओव्हरसीअर, मग मेस्त्री, मुकादम, कारकून आणि सर्वांत खाली हजारो मजूर.

प्रत्येक पायरीला काम आणि अधिकार ठरवून दिलेले होते. समजा एका ओढ्यावर मोरी बांधायची आहे. प्रथम जागेची पाहणी. मग नकाशा. मग अंदाजपत्रक: खोदाई किती, दगड किती, चुना किती, प्रत्येकाचा दर काय, एकूण रक्कम किती. हा कागद शिडीने वर जाई. ठरावीक रकमेपर्यंत एक अधिकारी मंजुरी देऊ शके, त्याहून मोठी रक्कम असेल तर कागद आणखी वर. मंजुरी खाली आली की काम सुरू. काम जसजसे होई, तसतशी मापे मोजमाप-वहीत लिहायची आणि त्यावरूनच बिल करायचे. आजही सरकारी बांधकामांचा सांगाडा बराचसा असाच आहे. विभाग, उपविभाग, कार्यकारी अभियंता हे शब्दसुद्धा तेच आहेत.

अर्ध्या फुटाची किंमत

आता त्या मोजमाप-वहीत डोकावू. आपल्याकडे माती, खडी, वाळू अजूनही 'ब्रास'मध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा खणला की एक ब्रास माती निघते.

एका टोळीने २० फूट लांब, १० फूट रुंद आणि ३ फूट खोल खड्डा खणला. घनफळ झाले ६०० घनफूट, म्हणजे ६ ब्रास. पण माप घेणाऱ्याने खोली ३ ऐवजी अडीच फूट लिहिली तर? २० × १० × २.५ = ५००, म्हणजे ५ ब्रास. अर्ध्या फुटाच्या चुकीने टोळीची सहातील एक हिस्सा मजुरी गेली! उलट साडेतीन फूट लिहिले, तर न झालेल्या कामाचे पैसे सरकारी तिजोरीतून जाणार.

पण जमीन मुळात उंचसखल. खणून झाल्यावर पूर्वीची पातळी कुठे होती, हे कसे कळणार? यावर एक साधी युक्ती होती. खड्ड्याच्या मधोमध मातीचे उभे खुंट न खणता तसेच ठेवायचे. खुंटाचा माथा म्हणजे जमिनीची जुनी पातळी. वेगवेगळ्या खुंटांची उंची मोजून सरासरी काढली की खरी खोली मिळते. माप झाल्यावरच खुंट पाडायचे. मातीचा हा मुका साक्षीदार मजुराचे रक्षण करी आणि तिजोरीचेही.

शिवाय माती किती लांब वाहून नेली आणि किती उंच चढवली, यावरही दर बदले. हे योग्यच आहे. पाटीभर माती दहा फूट उचलायला जास्त कार्य करावे लागते, हे तुम्ही भौतिकशास्त्रात शिकलाच आहात.

पाण्याखाली घट्ट होणारा चुना

खडकवासल्याचे काम १८६९ च्या सुमारास सुरू झाले आणि ते संपायला जवळजवळ दहा वर्षे लागली. हे धरण सिमेंटचे नाही, चुन्यात बांधलेल्या दगडांचे. साधा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. जाड भिंतीच्या पोटात हवा पोचत नाही, तेथे तो कित्येक वर्षे ओलाच राहील. मग धरणाला तो कसा चालावा?

येथे दख्खनची माती मदतीला आली. आपल्या काळ्या जमिनीत आणि ओढ्याकाठी चुनखडीचे खडे सापडतात. त्यांना कंकर म्हणतात. त्यांत चुन्याबरोबर चिकणमातीचा अंश, म्हणजे सिलिका आणि ॲल्युमिना असतात. असे खडे भट्टीत भाजले की मिळणारा चुना पाण्याशी संयोग पावून घट्ट होतो, त्याला हवेची गरज लागत नाही. शुद्ध चुना असेल तर त्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी, घालूनही असाच परिणाम साधता येतो. चुना आणि वाळू यांचे मिश्रण दगडी चाकाच्या घाणीत मळत. बैल गोल फिरत आणि चाक चर्रर्र करीत चुना वाटीत जाई.

हे ज्ञान केवळ इंग्रजी पुस्तकांतून आलेले नव्हते. चुना भाजणारे लोणारी, दगड फोडणारे वडार, दगड घडवणारे पाथरवट, खोदाई करणारे बेलदार आणि भिंत रचणारे गवंडी यांच्या हातांत ते पिढ्यान्‌पिढ्या होते. कोणता खडा चांगला भाजेल आणि कोणता दगड कोणत्या बाजूने फुटेल, हे त्यांना ठाऊक होते. मात्र त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. असलीच तर हजेरीपटावर असतील.

दुष्काळ आणि एक पौंड धान्य

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. पिके गेली, गुरे मेली. सरकारने दुष्काळी कामे काढली. उपाशी माणसे रस्ते, तलाव आणि कालवे यांवर खडी फोडू लागली, माती वाहू लागली. बांधकाम खात्याच्या मोजपट्टीवर आता माणसांचे प्राण लटकू लागले.

१८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च कमी करण्यासाठी मजुरी उतरवली. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. एवढ्या धान्यातून साधारण १५०० ते १६०० कॅलरी ऊर्जा मिळते. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला याच्या दुपटीइतकी ऊर्जा लागते. उरलेली तूट शरीर स्वतःला जाळूनच भरून काढणार.

मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या मापावर उघड आक्षेप घेतला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या मजुरीवर काम करायचे नाकारले आणि ते छावण्या सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारकडे पाठवली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे 'सार्वजनिक काका', हे या सभेचे प्रमुख कार्यकर्ते. अर्धपोटी माणसांनी पुकारलेला हा असहकार आपल्या इतिहासातील फार मोलाचा प्रसंग आहे. धान्याचे माप ही नुसती हिशेबाची बाब नाही, तो विज्ञानाचा आणि न्यायाचाही प्रश्न आहे, हे त्याने दाखवून दिले.

शिडी चढणारा तरुण

पुण्याच्या कॉलेजातून १८८३ साली एक विद्यार्थी इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिला आला. तो म्हैसूरकडचा, शिष्यवृत्तीवर शिकलेला. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्याने त्याला साहाय्यक अभियंता म्हणून नाशिकला नेमले. हे होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचा जन्मदिवस १५ सप्टेंबर आपण 'अभियंता दिन' म्हणून पाळतो.

खानदेशात त्यांनी नदीच्या पात्राखालून नळ नेऊन पाणी पलीकडे पोचवले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. तेथे सक्कर गावाला सिंधू नदीचे गढूळ पाणी मिळे. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या वाळूतच विहीर खणली आणि वाळूतून झिरपून आलेले स्वच्छ पाणी गावाला दिले. निसर्गाचीच गाळणी!

पण त्यांची सर्वांत प्रसिद्ध युक्ती खडकवासल्याची. धरणावरून पुराचे जादा पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई भासे. भिंत उंच करणे धोक्याचे आणि खर्चाचे. १९०३ साली त्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. दरवाज्याचा तोल सांभाळणारे एक वजन विहिरीत टांगलेले असे. जलाशयाची पातळी ठरावीक रेषेवर गेली की पाणी विहिरीत शिरे. वजन पाण्यात बुडून हलके होई, तोल बिघडे आणि दरवाजा सरकून पुराला वाट देई. पातळी उतरली की पुन्हा पहिली स्थिती. रात्री-अपरात्री पावसात कोणी दरवाजा उघडायला धावण्याची गरज नाही. पहारेकरी कोण? आर्किमिडीजचे तत्त्व!

अशा माणसाने खात्याच्या शिडीवर शेवटपर्यंत जायला हवे होते, नाही का? पण मुख्य अभियंत्याची खुर्ची त्या काळी इंग्रजांसाठीच राखलेली असे. हे ओळखून त्यांनी १९०८ च्या सुमारास मुदतीआधीच निवृत्ती घेतली. १९०९ साली म्हैसूर संस्थानाने त्यांना मुख्य अभियंता केले आणि तेथे कावेरीवर कृष्णराजसागर धरण उभे राहिले. मुंबई खात्याने जे गमावले, ते म्हैसूरने मिळवले.

खडकवासल्याची जुनी भिंत १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यावर आलेल्या लोंढ्याने फुटली. पुढे ती पुन्हा बांधण्यात आली. या वेळी तिच्या शिडीच्या सर्व पायऱ्यांवर आपलीच माणसे होती.

करून पाहा

१. एक दगड दोऱ्याने ताणकाट्याला टांगा आणि त्याचे वजन घ्या. मग तो पाण्यात पूर्ण बुडवून पुन्हा वजन घ्या. दगडाची घनता पाण्याच्या अडीचपट असेल, तर वजन किती टक्क्यांनी घटेल? आधी गणित करा, मग प्रयोग. (उत्तर: ४० टक्के.)

२. गावाजवळच्या एखाद्या जुन्या पुलावर बांधणीचे साल कोरले आहे का, ते पाहा. त्या पुलाची एक भिंत मोजा आणि तीत किती ब्रास दगडकाम आहे, ते काढा.

३. गावात खोदाईचे काम चालू असेल, तर मजुरी रोजावर मिळते की मापावर, आणि माप कोण घेतो, हे मजुरांना विचारा. त्यांनी सांगितलेले आपल्या वहीत लिहून ठेवा. त्यांची परवानगी असेल तर नावासकट लिहा. जुन्या हजेरीपटांवरची किती तरी नावे काळाच्या ओघात हरवली. निदान तुमच्या वहीतली हरवू नयेत.