मुलग्यांना मैदानावर का पिटाळता?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावातल्या शाळेत आठवी-नववीच्या मुलींशी बोलायला गेले होते. बाईंनी मुलग्यांना मैदानावर पिटाळलं आणि दार लावून घेतलं. पाळी, पॅड, स्वच्छता, सगळं बोलून झालं. बाहेर आले तर एक मुलगा घुटमळत होता. म्हणाला, "काकू, आमचं काही नसतं का हो?"

मी गप्पच झाले. माझाच मुलगा पंधरा वर्षांचा. सकाळी उठून स्वतःची चादर धुवायला लागला, तेव्हाच मला कळलं होतं. पण 'हे बाबांनी बोलावं' म्हणून विषय टाळला. बाबा म्हणाले, "आम्हाला कुणी सांगितलं होतं?"

र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं १९२७ साली, त्यापायी खटले सोसले. आणि २००७ मध्ये आपल्याच राज्यात शाळांतलं लैंगिक शिक्षण विरोधामुळे थांबवलं गेलं. काय म्हणावं!

त्या रात्री कणीक मळता मळता मुलाला हाक मारली. (हात कामात असले की नजर चुकवता येते, हा आपला बायकांचा फायदा!) म्हटलं, "झोपेत वीर्य जातं ना, तो आजार नाही रे. वयात येताना होतं. त्यानं अशक्तपणा येत नाही."

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "स्टँडमागच्या भिंतीवर तर लिहिलंय, लगेच भेटा म्हणून. मी पैसे साठवत होतो."

आता शाळेत मुलग्यांचाही तास मागितलाय. बाई अजून कां-कूं करताहेत.