सायकल, द्राक्षमळे आणि नाशिक

वाट : शहरातून गंगापूर रस्त्याने गोदावरीवरच्या गंगापूर धरणाकडे. साधारण १५ किमी. उंची समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, चढ सौम्य. दिंडोरीकडचे आडरस्ते त्याहून शांत. मात्र काढणीच्या दिवसांत क्रेट लादलेले ट्रॅक्टर आणि त्यांच्या चाकांतून डांबरावर पडलेली काळ्या मातीची ढेकळं सांभाळावीत, दव पडलं की ती निसरडी होतात.

कोणती द्राक्षं?
• खायची : थॉमसन सीडलेस, बिनबियांची. वेल डोक्यावरच्या मांडवावर किंवा वाय आकाराच्या तारांवर.
• वाइनची : शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ. मणी बारीक, साल जाड, आत बिया. वेल बहुधा उभ्या तारांवर, म्हणून ओळी कुंपणासारख्या दिसतात. सायकलवरून फरक ओळखायची हीच खूण.

दोन छाटण्या : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, काडी तयार करण्यासाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, फळासाठी. काढणी जानेवारी ते मार्च. फ्रान्समध्ये वर्षातून एकच मुख्य छाटणी, हिवाळ्यात. काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबर.

वर्षं : १९९९ – राजीव सामंत यांच्या ‘सुला’ या वाइन कंपनीची सुरुवात. २००१ – महाराष्ट्राचं द्राक्ष-वाइन धोरण. २०१५ – नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली. अंतर सुमारे ४,८०० किमी.

तिकडे : फ्रान्समधल्या अल्सासचा वाइनमार्ग १९५३ पासूनचा, सुमारे १७० किमी.