सखी केंद्र आणि पुराव्याची पेटी

लैंगिक अत्याचार किंवा इतर हिंसा झालेल्या स्त्रीला डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशक आणि गरज पडल्यास निवारा हे सारे एकाच जागी मिळावे, यासाठी केंद्र सरकारने १ एप्रिल २०१५ पासून ‘सखी वन स्टॉप सेंटर’ ही योजना सुरू केली. देशातले पहिले केंद्र १६ जुलै २०१५ रोजी छत्तीसगडच्या रायपूरला उघडले. तिथून साधारण तीस किलोमीटरवर असलेले भिलाई दुर्ग जिल्ह्यात येते. योजनेची आखणी जिल्हावार असल्याने भिलाईतल्या स्त्रियांची गाठ दुर्गच्या व्यवस्थेशी पडते. वाट सापडत नसेल, तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या उषा मेहरा आयोगाने अशा केंद्रांची शिफारस केली आणि निर्भया निधीतून त्यांना पैसा मिळाला. महाराष्ट्रात मात्र याच दिशेचे काम आधीच चालू होते. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. घरात मार खाणारी बाई पोलिसांकडे जाण्याआधी दवाखान्यात येते, म्हणून मदतही दवाखान्यातच हवी, हा त्यामागचा विचार. त्याहून जुना धडा छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातला आहे. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केला नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. त्या निकालाविरुद्ध उठलेल्या आवाजातून १९८३ ची कायदादुरुस्ती झाली.

जखम नाही म्हणजे अत्याचार नाही, हा समज तपासणीच्या टेबलावर मोडावा लागतो. त्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा कागद संमतीपत्र आहे. तपासणीला, पुरावे घेण्याला, उपचाराला आणि पोलिसांना कळवण्याला स्त्रीची संमती वेगवेगळी विचारायची असते. ती एका गोष्टीला हो आणि दुसरीला नाही म्हणू शकते. पोलिसांत जायचे नाही असे तिने सांगितले, तरी उपचार थांबत नाहीत. तिचा नकार नोंदवून ठेवायचा. ज्या देहावर तिचे काही चालू दिले गेले नाही, त्याच्यावरचा तिचा अधिकार या कागदापासून परत सुरू होतो.

त्यानंतर पुरावे गोळा करण्याच्या साहित्याची पेटी उघडते. स्त्रीला कागद अंथरून त्यावर उभे करतात, म्हणजे कपडे उतरवताना गळलेला केस, माती किंवा धागा हरवत नाही. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात जातो. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि पुरावा नासतो. ओला कपडा उन्हात न टाकता सावलीत वाळवायचा. कापसाचे बोळेही वाऱ्यावर सुकवूनच बंद करायचे. पाकिटावर चिठ्ठी, सील आणि सही. पेटी कोणी कोणाला, कधी दिली याची नोंद. ही साखळी एका जागी तुटली की न्यायालयात साऱ्या श्रमांवर पाणी पडते. देहावरचे पुरावे साधारण ९६ तासांपर्यंत शोधायचे असतात. एचआयव्हीपासून बचावाची औषधे मात्र ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. म्हणून पुरावा गोळा करणे आणि उपचार करणे ही दोन्ही कामे एकाच वेळी, एकाच काळजीने व्हायला हवीत. ‘टू फिंगर टेस्ट’ला, म्हणजे योनीत दोन बोटे घालून केलेल्या तपासणीला, इथे जागा नाही. ती करणाऱ्याला गैरवर्तणुकीसाठी दोषी धरले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी स्पष्ट केले.

सखी केंद्रातली केस वर्कर या सगळ्यात स्त्रीसोबत राहते. झालेली गोष्ट तिला पाच टेबलांवर पाच वेळा सांगावी लागू नये, हे केस वर्करचे खरे काम. केंद्रात पाच दिवसांपर्यंत राहता येते. पुढे लागल्यास दुसऱ्या निवाऱ्याची सोय करायची असते.

भिलाईत या कामाला आणखी एक अंग आहे. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली आणि देशभरातून माणसे आली. सेक्टरांच्या वसाहतीत मराठी, बंगाली, तेलुगू, मल्याळी, भोजपुरी कुटुंबे शेजारी राहतात. एकाच कारखान्याची नोकरी असल्यामुळे कोण कुठे गेले हे लपत नाही. अशी अडचण जगात इतरत्रही ओळखली गेली आहे. ब्रिटनमध्ये ‘ज्यू विमेन्स एड’ ही संस्था ज्यू स्त्रियांसाठी वेगळी सेवा चालवते. लहान समाजात बोभाटा होण्याची आणि मुलीचे लग्न अडण्याची भीती, शब्बाथ आणि कोशर जेवणाचे नियम, हे सारे समजणारी बाई समोर असली की बोलणे सोपे जाते. भिलाईत प्रत्येक समाजासाठी वेगळे केंद्र शक्य नाही. पण छत्तीसगडी, मराठी किंवा तेलुगू समजणारी समुपदेशक बोलावण्याची तयारी आणि गुप्ततेची पक्की हमी शक्य आहे.

खऱ्या अडचणी पुढेच आहेत. स्त्री आधी जवळच्या दवाखान्यात जाते आणि तिथे ‘आधी पोलीस, मग डॉक्टर’ ऐकते. कायदा नेमका उलट सांगतो. सरकारी असो, खासगी असो वा कारखान्याचे, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार केलेच पाहिजेत. टाळाटाळ हा एक वर्षापर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. दुसरी अडचण हद्दीची. अत्याचार कुठेही झाला असला, तरी कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने तक्रार नोंदवता येते, हे कित्येकींना माहीतच नसते.

अठरा वर्षांखालच्या मुलींचा प्रश्न सर्वांत बिकट. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यानुसार घटना कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलीला ते नको असेल, तर संमतीचे तत्त्व आणि कायदा समोरासमोर येतात. अशा वेळी डॉक्टरने हे बंधन तिला आधीच समजावून सांगणे एवढेच हाती उरते. हे बंधन कळल्यावर काही मुली दवाखान्याची पायरीच चढत नाहीत, ही भीती खरी आहे.

शेवटची अडचण माणसांची. केंद्र चोवीस तास चालायचे, तर समुपदेशक, केस वर्कर आणि पहारेकरी पाळीपाळीने हजर लागतात. मानधनावरची पदे वेळेवर भरली नाहीत, पगार रखडले, की अनुभवी बाई निघून जाते आणि तिच्यासोबत विश्वासही जातो. खटला वर्षानुवर्षे चालतो. तेवढा काळ एकच ओळखीचा आवाज सोबत राहावा, यासाठी ही पदे कायमस्वरूपी करणे हा केंद्राच्या यशाचा पहिला निकष मानला गेला पाहिजे.