व्यसन आणि घर

तरुण मुलगा दारूच्या किंवा गर्दच्या आहारीं गेला कीं घरांत दोनच तर्क निघतात : संगत वाईट, नाहीं तर पोराचें मनच दुबळें. दोहोंतहि थोडें तथ्य आहे; परंतु ज्या परिस्थितींत तो रोज वावरतो, तिचा या रोगांत वांटा किती, हा प्रश्न त्यामुळें बाजूस राहतो.

या प्रश्नावर व्हिएटनामच्या युद्धानें अनपेक्षित प्रकाश पाडला. १९७१ सालीं तेथून परतलेल्या अमेरिकन सैनिकांची पाहणी ली रॉबिन्स या विदुषींनीं केली. सुमारें शेंकडा २० शिपाई तेथें हेरॉइनसारख्या द्रव्यांचे व्यसनी झाले होते. मायदेशीं आल्यावर पहिल्या वर्षांत त्यांपैकीं पुन्हा व्यसनांत अडकले ते मात्र अवघे शेंकडा ५. माणसें तींच, परंतु युद्धाचें भय, कंटाळा आणि सहज हातीं येणारें विष मागें राहिलें होतें, आणि पुढें घर व कामधंदा होता.

बहुतेक तरुणांच्या नशिबीं असा पालट नसतो. उपचार संपवून ते त्याच गल्लींत, त्याच घरीं परततात. म्हणून पालट घरानेंच करावयाचा असतो. पुण्यांत १९८६ सालीं डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं काढलेल्या मुक्तांगण केंद्रांत रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबियांसहि मार्गदर्शन मिळतें, तें याचसाठीं.

घराचें चुकतें कोठें? आई गुपचूप पैसे देते, वडील कर्ज फेडतात, भाऊ कचेरींत तापाची थाप मारतो. हें सारें मायेपोटीं घडतें. पण त्यामुळें व्यसनाचे परिणाम व्यसनी माणसापर्यंत पोंचतच नाहींत. उलट, उठतां बसतां टोमणे मारल्यानें लाज वाढते आणि ती विसरण्यासाठीं तो पुन्हा पेल्याकडेच वळतो. कित्येकदां व्यसनाच्या आधींच परीक्षेंतील अपयशानें किंवा बेकारीनें मन खचलेलें असतें. अशा वेळीं दुसऱ्याच्या मुलाशीं केलेली तुलना घाव अधिकच खोल करते.

यास्तव तो शुद्धीवर असतांना शांतपणें बोलावें. पैसा देऊं नये, पण जेवणाच्या पंक्तींतून त्यास उठवूंहि नये. दीर्घकाळ दारू पिणाऱ्यास खोलींत कोंडून ती एकाएकीं बंद करणें प्राणावर बेतूं शकतें; तें काम डॉक्टरांच्या देखरेखीखालींच व्हावें. क्षयाच्या रोग्यास जसें कोणी 'सुधार' म्हणून बजावीत बसत नाहीं, तसेंच येथेंहि उपचार आधीं, उपदेश मागाहून. लोकलज्जेस्तव हा उपचार लांबणीवर टाकला, तर तेवढ्या अवधींत रोग बळावतो.