मुलांचे डोळे केव्हा तपासावेत?

सोनई परिसरातील माता-पित्यांनो,

एका डोळ्याने कमी दिसत असले तरी पोर सांगत नाही. सगळ्यांना असेच दिसते, असे त्याला वाटते. कमजोर डोळा वापराविना आळसावतो. सात-आठ वर्षांचे वय उलटल्यावर चष्मा लावूनही नजर पुरती येणे अवघड. म्हणून तपासणी वेळेवर करा:

● मूल ३४ आठवड्यांआधी जन्मले किंवा वजन २ किलोपेक्षा कमी भरले, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत.
● डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.
● डोळा तिरळा असेल, तर ‘भाग्याचा आहे’ म्हणून थांबू नका.
● तक्रार नसली तरी तिसऱ्या-चौथ्या वर्षी एकदा, शाळेत घालण्यापूर्वी.

२०१३ पासून सरकारी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले मोफत तपासते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोसही चुकवू नका.

दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवा. पाठोपाठ पाळणा हलला, की थोरल्याकडे बघायला सवड कुठली?

अंतर ठेवा, लक्ष ठेवा, नजर वाचवा!