एक काडतूस, दोन मापे

छत्रपती संभाजीनगरच्या शाळांची सहल निघाली की दौलताबादचा किल्ला ठरलेलाच. तेथील मेंढा तोफेपाशी मुले हमखास विचारतात, "गोळा कुठपर्यंत जात असेल?" आपण त्यांना उलट विचारावे, "गोळा केवढा असावा?" तोफेच्या पोकळीएवढाच केला तर तो आत अडकेल. फार लहान केला तर दारूचा वायू बाजूने निसटेल आणि जोर वाया जाईल. म्हणून गोळा पोकळीपेक्षा किंचित लहान आणि त्या त्या तोफेच्या मापाचा करीत. तोफ आणि गोळा यांची जोडी जमावी लागते.

रायफलीत ही जोडी फारच काटेकोर होते. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. दारू पेटली की पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. गोळी निघून गेली की पुंगळी थोडी आक्रसते आणि बाहेर काढता येते. चेंबर सैल असेल तर पुंगळी प्रमाणाबाहेर ताणते. ती फाटली, तर तापलेला वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो. काडतुसाची निवड म्हणूनच आवडीनिवडीची बाब नाही.

आता एक खरे कोडे पाहू. अमेरिकेत १९५२ साली '३०८ विंचेस्टर' हे शिकारीचे काडतूस बाजारात आले. त्याचेच जुळे भावंड म्हणावे असे ७.६२ × ५१ मिलिमीटरचे लष्करी काडतूस १९५४ साली नाटो राष्ट्रांनी स्वीकारले. १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान जुन्या 'थ्री नॉट थ्री' रायफली घेऊन लढले. त्यानंतर आपल्या सैन्यानेही ७.६२ स्वीकारले. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात थ्री नॉट थ्रीच्याच आराखड्यावर, पण नव्या काडतुसासाठी, रायफली बनल्या. पुढे त्यांतल्या कित्येक परदेशांत जुना लष्करी माल म्हणून विकल्या गेल्या. तेथील मालकांना प्रश्न पडला: या रायफलीत दुकानातले ३०८ चालेल का? दोन्ही काडतुसे शेजारी ठेवली तर नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही.

नावांपासूनच घोटाळा सुरू होतो. ०.३०८ इंच म्हणजे ७.८२ मिलिमीटर. मग दुसरे नाव ७.६२ कसे? नळीच्या आत गोळीला फिरकी देणाऱ्या सर्पिल खाचा असतात. खाचेच्या तळापासून समोरच्या खाचेच्या तळापर्यंत मोजले तर ७.८२ भरतात. दोन खाचांमधल्या उंचवट्यांपासून मोजले तर ७.६२. नळी एकच, मोजण्याची जागा वेगळी!

त्याहून मोठा घोटाळा दाबाचा. जुन्या लष्करी पुस्तकांत ७.६२ चा दाब चौरस इंचाला ५०,००० पौंड दिलेला आढळतो, तर ३०८ ची कमाल मर्यादा ६२,००० पौंड. आकडे पाहून अनेकांनी निष्कर्ष काढला की दुकानातले काडतूस जवळजवळ पाव पटीने जोरदार आहे. वजाबाकी बरोबर होती, निष्कर्ष चुकला. कारण दोन्ही आकडे एकाच पद्धतीने मोजलेले नव्हते.

जुन्या पद्धतीत चाचणीच्या नळीला भोक पाडून त्यात दट्ट्या बसवीत आणि दट्ट्यावर तांब्याची छोटी कांडी ठेवीत. बार उडाला की कांडी चेपली जाई. ती किती चेपली यावरून तक्त्यात पाहून दाब काढीत. परंतु दाबाचे शिखर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी काळ टिकते. तांब्याला चेपायला वेळ लागतो, त्यामुळे खरे शिखर त्याच्या हाती लागत नाही आणि आकडा कमी येतो. नव्या पद्धतीत दाबाबरोबर विद्युतभार निर्माण करणारा स्फटिक वापरतात. तो शिखराची नोंद जवळजवळ तत्क्षणी करतो.

आता सारख्याला सारखे लावून पाहू. तांब्याच्या मापाने लष्करी काडतूस ५०,००० आणि ३०८ हे ५२,०००. स्फटिकाच्या मापाने नाटोची मर्यादा ४१५ मेगापास्कल, म्हणजे चौरस इंचाला सुमारे ६०,००० पौंड. ३०८ ची ६२,०००. फरक उरला तीन-चार टक्क्यांचा. पाव पटीचा फरक काडतुसात नव्हता, तो मोजपट्टीत होता.

मग दोन्ही सरसकट अदलाबदल करून चालतील का? तसेही नाही. बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यावरील ठरावीक जागेपर्यंतचे अंतर अमेरिकी मापकांनुसार शिकारी रायफलीत ४१.४ ते ४१.५ मिलिमीटर ठेवतात, लष्करी रायफलीत ४१.५ ते ४१.७. फरक दोन-तीन कागदांच्या जाडीएवढा. रणांगणावर धूळ-चिखल असतानाही काडतूस आत बसावे म्हणून लष्करी चेंबर सैल असते आणि पुंगळी सहसा जाड. दुकानातली पातळ पुंगळी झिजलेल्या लष्करी चेंबरमध्ये जास्त ताणते. धोका दाबात कमी आणि या फटीत अधिक आहे. म्हणूनच जाणकार कारागिराकडून हे अंतर मोजून घ्यावे आणि नळीवर कोरलेल्या नावाचेच काडतूस वापरावे, असे सांगतात.

दुसऱ्या जोडीत तर उत्तर उलटे आहे. '२२३ रेमिंग्टन' आणि लष्करी ५.५६ हीही दिसायला सारखीच. तेथे लष्करी काडतूस शिकारी चेंबरमध्ये घालणे धोक्याचे मानतात, कारण त्या चेंबरमध्ये गोळीपुढची मोकळी जागा कमी असते आणि दाब वाढतो. "लष्करी ते सौम्य" किंवा "लष्करी ते जहाल" असा एकच नियम नाही.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने वेगळ्या रीतीने सोडवला. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव आणि पुण्यातील खडकी येथील कारखान्यांत लष्करासाठी काडतुसे बनतात, पण लष्करी मापाच्या रायफली सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत. इंग्रजांनीच थ्री नॉट थ्री नागरिकांना बंद केली होती. सैन्यातून चोरलेले काडतूस खासगी बंदुकीत चालू नये, हा हेतू. म्हणून आपल्याकडे ०.३१५ इंच मापाची शिकारी रायफल रूढ झाली.

मुलांना आणखी एक उदाहरण द्यावे. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते ५.६ मिलिमीटरच्या रायफलीने. सैन्याच्या इन्सास रायफलीचे माप ५.५६. आकडे जवळपास तेच! पण पहिलीची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर. दुसरीची ४ ग्रॅमची, वेग सुमारे ९००. गतिज ऊर्जेचे सूत्र वापरून विद्यार्थ्यांना हिशेब करू द्या. पहिलीची ऊर्जा सुमारे १४० ज्यूल येईल, दुसरीची १,६०० च्या वर.

वर्गात एक साधा प्रयोगही करता येईल. शाडूच्या ओल्या मातीचे दोन सारखे गोळे घ्या. एकावर एक किलोचे वजन हळूच ठेवून लगेच उचला, दुसऱ्यावर तेच पाच मिनिटे राहू द्या. खळगे मोजा. वजन तेच, खळगे वेगळे. तांब्याच्या कांडीचे हेच झाले होते.

यापुढे कोणी आकडा सांगितला की मुलांनी दोन प्रश्न विचारावेत: कुठे मोजला? कशाने मोजला? ही उत्तरे मिळाल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करू नये.