'द्राक्ष' या शब्दात अक्षरे किती?



तासगावचे नाव काढले की द्राक्षे आणि बेदाणे डोळ्यांपुढे उभे राहतात. 'तास-ए-गणेश' ही बिनबियांच्या द्राक्षांची जात तासगाव तालुक्यातच निपजली. आज मात्र आपण द्राक्षाच्या वेलाकडे न जाता 'द्राक्ष' या शब्दाकडे वळू. या शब्दात अक्षरे किती? तुम्ही चटकन म्हणाल, दोन. मराठीच्या तासाला हे उत्तर अगदी बरोबर आहे. हाच प्रश्न संगणकाला विचारला, तर मात्र सात, चार किंवा दोन यांपैकी कोणतेही उत्तर येऊ शकते. गंमत अशी, की या तिन्ही उत्तरांमागे कारण आहे!

संकेतस्थळे बांधणे हा माझा व्यवसाय. नवा ब्राउझर किंवा एखादे नवे साधन निघाले, की "हे चांगले आहे का?" असे मला विचारले जाते. त्याचे रंगरूप किंवा वेग पाहण्याआधी मी त्यात 'द्राक्ष' हा शब्द घालून पाहतो. असे का, ते आता समजून घेऊ.

ब्राउझर म्हणजे दूरच्या संगणकावरील पान आणून आपल्या पडद्यावर मांडणारी आज्ञावली. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत तयार केला. परंतु तारेतून किंवा हवेतून जे येते, ते अक्षर नसते. येतात ते केवळ आकडे. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे सर्वांनी आधी ठरवून घ्यावे लागते. पूर्वी मराठी संकेतस्थळे आपापल्या टंकांप्रमाणे आकडे ठरवीत. तो टंक आपल्या संगणकावर नसला, तर बातमीऐवजी निरर्थक खुणांची रांग दिसे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या संकेतावलीने जगातील अनेक लिप्यांना एकाच यादीत जागा दिली. तिचा प्रसार झाला, तसा हा गोंधळ मिटत गेला.

युनिकोडमध्ये 'द्राक्ष' हा शब्द असा साठवला जातो: द (२३४२), हलन्ताचे चिन्ह (२३८१), र (२३५२), काना (२३६६), क (२३२५), पुन्हा हलन्त (२३८१) आणि ष (२३५९). मोजा पाहू! सात आकडे झाले. 'द्र' किंवा 'क्ष' यांना स्वतःचा आकडाच नाही. हलन्त दिसला, की पुढचे व्यंजन मागच्याला जोडायचे, आणि त्या जोडाक्षराचा आकार टंकातून शोधून काढायचा, हे काम ब्राउझर दर वेळी नव्याने करतो.

पहिले उत्तर, सात, हे असे आले. संगणकाला नुसते "लांबी सांग" म्हटले, की तो आकडे मोजतो. चार हे उत्तर येते ते जुन्या नियमाने. त्या नियमात हलन्त मागच्या व्यंजनाला चिकटतो, पण पुढचे व्यंजन वेगळे धरले जाते: द्, रा, क्, ष. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोडची १५.१ ही आवृत्ती आली. तिने हा नियम सुधारला आणि देवनागरीतील जोडाक्षर अखंड मानले. म्हणून नवा नियम पाळणारा ब्राउझर द्रा, क्ष असे दोनच तुकडे करतो. तुमच्या मराठीच्या गुरुजींचे उत्तर आणि संगणकाचे उत्तर एक व्हायला इतका काळ जावा लागला!

"मोजणी चुकली म्हणून बिघडले काय?" असे कोणी विचारील. समजा, शिष्यवृत्तीच्या एका अर्जात नावासाठी दहा जागा ठेवल्या आहेत. अर्ज बांधणाऱ्याला वाटले, दहा अक्षरे पुष्कळ झाली. एका मुलीचे नाव आहे ज्ञानेश्वरी. आपल्या हिशेबाने अक्षरे चारच. संगणकाच्या हिशेबाने मात्र अकरा. अकरावी जागा आहे ती शेवटच्या दीर्घ वेलांटीची. ती वेलांटी कापली गेली, की उरते 'ज्ञानेश्वर'! एका वेलांटीपायी मुलीचा मुलगा झाला. दाखल्यावरचे नाव आणि अर्जातले नाव जुळेना, की हेलपाटे घालायचे त्या मुलीने आणि तिच्या पालकांनी.

अक्षरे नीट तोडणारे 'सेगमेंटर' नावाचे साधन आता ब्राउझरमध्येच असते. क्रोममध्ये ते २०२० साली आले, तर फायरफॉक्समध्ये २०२४ साली. साधन उत्तम आहे, असे माझे मत आहे. पण नवे साधन नव्या ब्राउझरवरच चालते. घरात जुना फोन असेल, तर तेथे ते नसेल, किंवा असूनही चार असेच उत्तर देईल. म्हणून अर्जात जागा सढळ ठेवाव्यात आणि जुन्या फोनवरही पान तपासावे, हा माझा नियम.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ब्राउझर पुष्कळ दिसले, तरी त्यांची इंजिने थोडी आहेत. क्रोम, एज आणि ऑपेरा यांच्या आत ब्लिंक हे एकच इंजिन आहे; फायरफॉक्समध्ये गेको आणि सफारीमध्ये वेबकिट. मोटर एकच आणि पंपांचे रंग तीन, अशी स्थिती. तेव्हा क्रोम, एज व ऑपेरा या तिघांत पान तपासले, तर तपासणी एकदाच झाली असे समजावे. सांगितलेल्या कामाची आज्ञावली आपण होऊन लिहून देणारी कृत्रिम बुद्धीची साधनेही आता निघाली आहेत. त्यांची मदत जरूर घ्यावी. पण त्यांनी लिहिलेल्या आज्ञावलीलाही आधी 'द्राक्ष' मोजायला लावावे.

आता एक छोटा प्रयोग. शाळेतील संगणकावर 'द्राक्ष' टाइप करा. शब्दाच्या शेवटी उभे राहून मागे खोडणारी कळ एकेकदा दाबा आणि शब्द पुसला जाईपर्यंत किती वेळा दाबावी लागते, ते मोजा. बहुतेक ठिकाणी सात वेळा दाबावी लागेल. शब्द पुन्हा लिहा आणि बाणाच्या कळीने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जा. पावले दोन पडली की चार? दुसऱ्या ब्राउझरमध्ये आणि घरच्या फोनवरही करून पहा, आणि आकडे वहीत मांडा. मग आपल्या वर्गातील सर्वांची नावे घ्या. दहा जागांत कोणाचे नाव मावते आणि कोणाचे कापले जाते, याची यादी करा. उद्या तुमच्यापैकी कोणी असा अर्ज बांधायला बसेल, तेव्हा ती यादी उपयोगी पडेल.